बी.एड.ला नंबर लागला, पण शिकवणार कोणता विषय?



मागच्या रविवारी विहारातली वंदना संपल्यावर वस्तीतली एक मुलगी माझ्याजवळ थांबली. बी.ए. झालेली, समाजशास्त्र हा मुख्य विषय, मार्क चांगले. हातात मोबाईल आणि मोबाईलवर कुठल्याशा अध्यापक महाविद्यालयाच्या एजंटचा मेसेज. "ताई, बी.एड. सीईटीत बरे मार्क आहेत. हे म्हणतात आमच्याकडे ॲडमिशन घ्या, रोज यायची गरज नाही, फी शिष्यवृत्तीतून वळती करू, प्रॅक्टिकलचे पंधरा हजार तेवढे वेगळे द्या. घेऊ का?"

मी तिला उलट विचारलं, "तू शाळेत कोणता विषय शिकवणार आहेस?"

ती गप्प. तीन वर्षं कॉलेज झालं, सीईटीचा क्लास झाला, आईनं बचत गटातून कर्ज काढलं. पण हा प्रश्न तिला कॉलेजातल्या प्राध्यापकानं विचारला नव्हता, क्लासवाल्यानं विचारला नव्हता, आणि तिच्याच गल्लीत राहणाऱ्या, दर जयंतीला माईकवर 'शिका' म्हणून ओरडणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनीही विचारला नव्हता. त्यात मीही आले. तिच्याशी जे बोलायचं ते मी बोलले. हा लेख आपल्या कार्यकर्त्यांसाठी लिहिते आहे, कारण या एका प्रश्नावर आपली चळवळ वर्षानुवर्षं झोपलेली आहे.

आधी नियम सरळ सांगते, कारण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यातलं निम्मं चुकीचं फिरतं. पहिली ते पाचवीला शिकवायचं तर डी.एल.एड., म्हणजे ज्याला आपण अजून डी.एड. म्हणतो ते, आणि टीईटीचा पहिला पेपर. मधल्या काळात बी.एड.वालेही तिथे चालतील असं एनसीटीईनं २८ जून २०१८ च्या अधिसूचनेत म्हटलं होतं, पण सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात ते दार बंद केलं. तरीही "बी.एड. केलं की प्राथमिकलाही चालतं" असं सांगणारे दलाल आजही फिरतात. सहावी ते आठवीला पदवी, त्यावर डी.एल.एड. किंवा बी.एड., आणि टीईटीचा दुसरा पेपर, तोही गणित-विज्ञान किंवा सामाजिक शास्त्रं यातला एक निवडून. नववी-दहावीला त्या विषयाची पदवी आणि बी.एड. अकरावी-बारावीला त्या विषयाचं एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. आणि बी.एड. आणि या सगळ्यांच्या वर महाराष्ट्रात टेट, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, २०० गुणांची. ती दिल्याशिवाय पवित्र पोर्टलवर तुम्ही उमेदवारच नाही. टीईटी आणि टेट या दोन वेगळ्या परीक्षा आहेत हे बी.एड. पूर्ण झालेल्या पोरांना समजावून सांगावं लागतं, यावरून या कॉलेजांत काय शिकवतात ते ओळखा.

आता वरच्या ओळींतला 'त्या विषयाची' हा शब्द पुन्हा वाचा. सगळा खेळ तिथे आहे. बी.एड. ही शिकवण्याची पदवी आहे, पण काय शिकवायचं ते तुमची पहिली पदवी ठरवते. नववी-दहावीच्या वेळापत्रकात भाषा आहेत, गणित आहे, विज्ञान आहे, इतिहास-राज्यशास्त्र आहे, भूगोल आहे. समाजशास्त्र नाही. मानसशास्त्र नाही. लोकप्रशासन नाही. तत्त्वज्ञान नाही. हे विषय अकरावी-बारावीच्या कला शाखेत ऐच्छिक म्हणून असतात, तेही सगळीकडे नाहीत, आणि असले तर त्या विषयाचा एखादाच शिक्षक, बऱ्याच ठिकाणी अर्धवेळ किंवा तासिका तत्त्वावर. म्हणजे समाजशास्त्रात पदवी घेऊन बी.एड.ला गेलेली मुलगी दोन वर्षं घालवून, पाठ घेऊन, फी भरून, शेवटी ज्या दारात उभी राहते त्या दाराला तिच्या विषयाचं कुलूपच नसतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः समाजशास्त्राची एम.ए. आहे.

दहावीला मला गणितात ८२ होते. शाळेचं नाव घेत नाही, गावाकडची अनुदानित शाळा होती. निकालाच्या दिवशी वर्गशिक्षक म्हणाले, "तुझ्यासारख्यांना सायन्स झेपत नाही गं, खर्चही फार असतो. आर्ट्स घे, डी.एड. कर, नोकरी लागून जाईल." 'तुझ्यासारख्यांना' म्हणजे कोणाला ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझ्याहून कमी मार्कांची दोन पोरं सायन्सला गेली. त्यांच्या घरी विचारायला कोणीतरी होतं. माझे वडील हमाल, आई अंगणवाडीत मदतनीस. सर सांगतात म्हणजे बरोबरच असणार. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए.ला गेले तेव्हा तिथे जे विषय होते त्यातले घेतले. समाजशास्त्र का? कारण त्या तासाला प्राध्यापक वेळेवर यायचे. मी खोटं सांगत नाही, हेच कारण होतं.

समाजशास्त्रानं मला खूप दिलं. जात ही माझ्या बापाच्या पाठीवरच्या पोत्यात कशी असते ते मला याच विषयानं दाखवलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही. पण शिक्षिका व्हायचं स्वप्न घेऊन मी ज्या दिवशी बी.एड.च्या प्रवेशाची चौकशी करायला गेले, त्या दिवशी तिथल्या कारकुनानं गुणपत्रक पाहून विचारलं, "मॅडम, शाळेत शिकवणार काय?" तेव्हा मला कळलं की माझा निर्णय सहा-सात वर्षांपूर्वीच, कुणीतरी दुसऱ्यानं, एका वाक्यात करून टाकला होता.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्याच्या पोराला संस्कृत शिकवणार नाही म्हणून सांगितलं गेलं आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. १९०७ साली ते मॅट्रिक झाले. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टानं मिळवली आणि त्या भाषेतल्या ग्रंथांचा कसा समाचार घेतला ते आपण जाणतो. ही गोष्ट आपण प्रत्येक १४ एप्रिलला सांगतो. पण ती सांगताना आपल्या लक्षात येत नाही की ही विषय नाकारल्याची गोष्ट आहे. कोणत्या जातीच्या पोरानं कोणता विषय शिकायचा हे शाळेनं ठरवल्याची. शंभरावर वर्षं झाली. आता कोणी "शिकवणार नाही" म्हणत नाही, कायदा आहे. आता "झेपणार नाही" म्हणतात. प्रेमानं म्हणतात. आणि आपल्या पोरांना ते पटतं, कारण घरात दुसरा आवाज नसतो.

आणि हा दुसरा आवाज आपण व्हायचं होतं. १९४६ साली बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा ते कला आणि विज्ञान, दोन्हीचं काढलं. त्या काळात प्रयोगशाळा उभी करायची म्हणजे किती पैसा लागला असेल! आपल्या पोरांसाठी कला शाखा पुरे, असं त्यांनी म्हटलं नाही. ते आपण म्हणायला लागलो.

आता त्या 'रोज यायची गरज नाही' वाल्या बी.एड.कडे वळू.

बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं. त्यामागची हकिगत आपल्या पोरांना माहीत असावी. महाराष्ट्रातल्याच डी.एड. कॉलेजांच्या मान्यतेच्या वादातून सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. २०१२ साली त्याचा अहवाल आला आणि शिक्षक प्रशिक्षणाच्या नावाखाली देशभर चाललेल्या धंद्याचे वाभाडे निघाले. त्यानंतर एनसीटीईनं २०१४ चे नियम केले: दोन वर्षं, वर्षाला २०० दिवस कामकाज, तासांना ८० टक्के आणि शाळेतल्या प्रत्यक्ष अनुभवाला ९० टक्के हजेरी, आणि एकूण २० आठवडे शाळेत जाऊन काम. कागदावर चांगलं आहे. पण धंदेवाल्यांनी काय केलं? एका वर्षाऐवजी दोन वर्षांची फी मिळायला लागली, आणि हजेरीचा कागद तोच राहिला.

'नॉन अटेंडिंग' हा शब्द आता आपल्या वस्तीत लग्नाच्या पत्रिकेसारखा सहज फिरतो. "माझं बी.एड. नॉन अटेंडिंग चालू आहे." अरे, नियमात असा प्रकारच नाही! दूरशिक्षणातून होणारं बी.एड. वेगळं, ते आधीपासून सेवेत असलेल्या प्रशिक्षित शिक्षकांसाठी आहे. तुम्ही ज्याला नॉन अटेंडिंग म्हणता ते नियमित बी.एड. आहे, ज्यात तुमच्या सह्या दुसरं कोणीतरी करतं. उद्या कागदपत्रं तपासली आणि त्या काळात तुम्ही दुसऱ्या जिल्ह्यात दुकानात काम करत होतात हे निघालं, तर कॉलेजचा संचालक तुमच्या शेजारी उभा राहणार नाही. टीईटी घोटाळ्यात काय झालं आठवा. २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी तो बाहेर काढला आणि मार्क वाढवून घेतलेल्या हजारो उमेदवारांची नावं जाहीर झाली. पैसे घेणारे वकील लावून बसले, पैसे देणाऱ्या पोरांच्या नोकऱ्यांवर गंडांतर आलं.

आणि या धंद्याचा पैसा कुठून येतो? भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतून. अनुसूचित जातींसाठीची ही योजना १९४४ पासूनची आहे. बाबासाहेब तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आपल्या घरातल्या पोरांसाठी ती आहे. कॉलेजवाल्याला आपल्या पोरात शिक्षक दिसत नाही, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला दिसतो. २०२१-२२ पासून केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात यायला लागला, तर एजंटांनी त्यावरही तोड काढली. आमच्या भागात तीन घरांत मी स्वतः पाहिलं आहे, पोरीचं एटीएम कार्ड आणि पिन कॉलेजच्या माणसाकडे. "हप्ता आला की ते काढून घेतात, आपल्याला हेलपाटा नको." आई मला हे कौतुकानं सांगत होती.

एक कडू गोष्ट आता लिहिते. काहींना झोंबेल, झोंबू द्या. असली सगळीच कॉलेजं पाटील-देशमुखांची नाहीत. मी पाहिलेल्या एका संस्थेच्या दर्शनी भिंतीवर बाबासाहेबांचा, सावित्रीमाईंचा आणि भगवान बुद्धांचा फोटो आहे. अध्यक्ष आपलेच. मोर्चात पुढे असतात. विहाराला वर्गणी देतात. आणि त्यांच्या कॉलेजात आपल्याच पोरांच्या हजेरीपटावर खोट्या सह्या होतात. मी हा विषय एका बैठकीत काढला तेव्हा मला सांगण्यात आलं, "ताई, आपलाच माणूस आहे, शत्रूच्या हातात कोलीत देऊ नका." मनुवादी संस्थाचालक लुटतो तेव्हा तो शोषक, आणि आपला लुटतो तेव्हा तो समाजाचा आधारस्तंभ? हा हिशेब मला पटत नाही. खोट्या हजेरीवर बाहेर पडलेला शिक्षक उद्या कुणाला शिकवणार आहे? विनाअनुदानित शाळेत, आश्रमशाळेत, वस्तीजवळच्या पडक्या हायस्कुलात आपल्याच पोरांना. सवर्णांची पोरं केव्हाच इंग्रजी शाळांत गेली.

सावित्रीमाईंचं नाव आपण धैर्यासाठी घेतो. शेण-दगड झेलले म्हणून घेतो. पण त्या प्रशिक्षित शिक्षिका होत्या हे आपण किती वेळा सांगतो? अहमदनगरला मिस फॅरार यांच्याकडे आणि पुण्यात नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचं रीतसर शिक्षण घेतलं. त्या काळात, त्या परिस्थितीत, एका माळी घरातल्या बाईनं. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळांतले शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत यावर बोट ठेवलं, शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करा अशी मागणी केली, आणि त्याच दमात म्हटलं की शिक्षक प्रशिक्षित असावा आणि त्याला पोट भरेल इतका पगार असावा. आपला माणूस, प्रशिक्षण आणि पगार, या तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या. आपण त्यातली पहिलीच धरून बसलो आहोत. आपला माणूस वर्गात गेला की झालं, असं आपल्याला वाटतं. नाही झालं. बीजगणित न येणारा आपला माणूस आपल्या पोराला बीजगणितात नापासच करेल, फक्त जरा मायेनं करेल.

इथे काही मित्र म्हणतील, ताई, नोकऱ्याच नाहीत तर हा उपद्व्याप कशाला? प्रश्न रास्त आहे आणि मी खोटी आशा दाखवणार नाही. २ मे २०१२ च्या शासन निर्णयानं खासगी शाळांतली भरती थांबवली, अतिरिक्त शिक्षकांचं समायोजन होईपर्यंत म्हणून. पहिली टेट डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी व्हायला २०२३ उजाडलं. तिसरी २०२५ मध्ये. या रांगेत किती जणांचं वय उलटलं ते प्रत्येकानं आपल्या गल्लीत मोजावं. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. माध्यमिकला त्याचं मानधन २०२३ पर्यंत महिना ८,००० होतं, आता १८,००० आहे. त्यात संचमान्यता, पटसंख्या, टप्पा अनुदान. संस्थेत शिरायचं तर 'बिल्डिंग फंड' नावाचा प्रकार वेगळा. हे सगळं खरं आहे.

पण म्हणूनच निवड नीट करायची. जागा भरपूर असताना चुकीचा विषयही खपून जातो, जागा थोड्या असताना खपत नाही. आणि यात एक गोष्ट अशी आहे जी आपल्या फायद्याची आहे आणि आपण वापरत नाही. पवित्र पोर्टलवर खासगी संस्थांना दोन पर्याय आहेत, मुलाखतीसह आणि मुलाखतीशिवाय. जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका यांची भरती मुलाखतीशिवाय होते. मुलाखत नसली की आडनाव विचारणारं कोणी नाही, "कोणत्या गावचे तुम्ही?" हा आपल्याला पाठ असलेला प्रश्न नाही, पाकीट नाही. टेटचे गुण, विषय, प्रवर्ग, संपलं. आता महाराष्ट्रात माध्यमिक शाळा बहुतेक खासगी संस्थांच्या ताब्यात आहेत. मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या जुन्या प्रशाला आहेत, पण सगळीकडे तसं नाही. म्हणजे फक्त नववी-दहावीवर डोळा ठेवून बी.एड. केलं तर तुम्ही बहुतांशी संस्थाचालकाच्या खुर्चीसमोरच जाऊन बसणार. बी.एड.बरोबर टीईटीचा दुसरा पेपर पास असेल तर सहावी ते आठवीचं, जिल्हा परिषदेचं दार उघडं राहतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं तर पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची केली आहे. म्हणजे ती टाळून आता कोणाची सुटका नाही. मग "मला हायस्कूललाच शिकवायचं, मला टीईटी कशाला" असं म्हणणाऱ्या पोरांना त्यांचे क्लासवाले आणि आपण, कोणीच का हटकत नाही?

विषयाचंही तेच. गणित, विज्ञान आणि इंग्रजी या विषयांना आपल्या प्रवर्गात उमेदवार कमी आणि इतिहास-मराठीला रांग लागलेली, हे कोणत्याही बी.एड. वर्गात दहा मिनिटं बसलं तरी दिसतं. आपण आरक्षणासाठी रस्त्यावर उतरतो, उतरायलाच पाहिजे. बिंदुनामावली तपासा म्हणून निवेदनं देतो, तेही करायलाच पाहिजे. पण गणिताच्या राखीव जागेसमोर 'पात्र उमेदवार नाही' असा शेरा पडला तर त्या जागेसाठी आपण कोणाच्या नावानं घोषणा देणार? तो उमेदवार अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेतच गळाला होता. त्या दिवशी आपण मिरवणुकीच्या डीजेची सुपारी ठरवत होतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूनं येतो. "शिक्षक काय बनता, कलेक्टर बना." बना की! कोण नको म्हणतं? पण पुण्यात सदाशिव पेठेत खोली करून सात-आठ वर्षं घालवलेली, तिशी ओलांडलेली आपली किती पोरं आज घरी तोंड लपवून बसली आहेत, त्यांची यादी मी देऊ शकते. कलेक्टर जिल्ह्याला एक असतो. वर्गात दहा-बारा वर्षांच्या पोरीला "तुला झेपणार नाही" म्हणणारा किंवा "तू सायन्स घे, मी आहे" म्हणणारा माणूस प्रत्येक शाळेत असतो. माझ्या आयुष्यातला फैसला कलेक्टरनं नाही, वर्गशिक्षकानं केला.

आणि आता ही निवड आणखी अलीकडे सरकते आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० म्हणतं, २०३० पर्यंत शिक्षकाची किमान पात्रता चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. असेल. आयटीईपी त्याचं नाव. बारावीनंतर थेट, विषयाची पदवी आणि बी.एड. एकत्र. प्रवेशासाठी एनटीएची राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा. ऐकायला बरं, एक वर्ष वाचतं. पण सतराव्या-अठराव्या वर्षी, बारावीच्या परीक्षेच्या गडबडीत, तालुक्याच्या ठिकाणी राहणाऱ्या पोरीनं ऑनलाइन फॉर्म भरून ठरवायचं की आपण शिक्षिका होणार आणि अमुक विषयाची होणार. ज्यांच्या घरात हे बोललं जातं त्यांची पोरं ठरवतील. आपल्या पोरांना त्या परीक्षेचं नावही निकाल लागल्यावर कळेल. बाहेरगावी चार वर्षं राहायचं कसं हा प्रश्न वेगळाच. २०२५ मध्ये एनसीटीईनं पदव्युत्तरांसाठी एका वर्षाच्या बी.एड.चाही मसुदा काढला. लगेच आमच्याकडे दोन पोरांनी चालू बी.एड. सोडायचा विचार सुरू केला, "ताई, आता एकाच वर्षात होणार म्हणे." मसुद्यावर कोणी कॉलेज सोडतं का? मी त्यांना अक्षरशः ओरडले.

त्या मुलीला मी काय सांगितलं ते लिहिते, कारण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. तिच्या बी.ए.ला समाजशास्त्राबरोबर तीन वर्षं इतिहास होता, गुणपत्रकावर तसं स्पष्ट आहे. तेव्हा बी.एड.ला अध्यापन पद्धती निवडताना इतिहास घे, मराठीही घेता येते का ते तिथे विचार. टीईटीचा दुसरा पेपर सामाजिक शास्त्रातून दे, बी.एड. चालू असतानाच तयारी सुरू कर. बी.एड. झाल्यावर एम.ए. करायचं तर इतिहासात कर, मुक्त विद्यापीठातून कर, समाजशास्त्रात नको. हे सांगताना माझ्या पोटात तुटलं, पण सांगितलं. आणि कॉलेज निवडताना पर्यायाच्या यादीत पहिली नावं शासकीय आणि अनुदानित अध्यापक महाविद्यालयांची टाक. फी कमी, हजेरी खरी, आणि पाठ घ्यायला खरी शाळा मिळते. बाहेरगावी वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वाधार योजनेचा अर्ज भर. मुंबई-पुण्यासारख्या शहरात राहिलीस तर वर्षाला ६० हजार, लहान ठिकाणी त्याहून कमी, उशिरा येतात पण येतात. तिची आई म्हणाली, "पण तो माणूस म्हणतो जागा भरत आल्या, उद्याच पैसे द्या." मी म्हटलं, त्या माणसाचा नंबर मला द्या.

फोन केला. मी कोण ते सांगितल्यावर त्यानं आधी "जय भीम ताई" म्हटलं, मग हजेरीच्या नियमाबद्दल विचारल्यावर फोन ठेवला. त्यानंतर त्यानं त्या मुलीला पुन्हा दोनदा फोन केला, पंधरा हजाराचे दहा हजार केले. तिनं अजून नक्की ठरवलेलं नाही. शासकीय कॉलेज घरापासून लांब आहे, वडिलांना पोरीला एकटीला पाठवायची भीती वाटते, आणि गल्लीतल्या तिघी मैत्रिणी त्या एजंटाकडेच चालल्या आहेत. प्रवेशफेरीचा पर्याय भरायची मुदत संपायला चार दिवस आहेत.

येत्या रविवारी वंदनेनंतर सकाळी १० पासून मी विहारातच बसणार आहे, लॅपटॉप आणि इंटरनेट घेऊन. बी.एड.वाल्यांनी यावंच, पण दहावीचा निकाल लागलेल्या पोरापोरींनी आणि त्यांच्या आईबापांनी आधी यावं. येताना गुणपत्रकं, जातीचा दाखला, जात पडताळणी झाली असेल तर ते प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारला जोडलेला मोबाईल आणा. एटीएम कार्ड कोणाकडे दिलं असेल तर ते आधी परत घेऊन या. गणित आणि विज्ञान घेऊन पदवी झालेले, नोकरीला लागलेले आपले दोन-चार जण त्या दिवशी तिथे बसायला तयार झाले तर फार बरं होईल. मला अकरावीच्या पोरांना त्रिकोणमिती कशी असते ते सांगता येत नाही.